डबा सापडला नाही? मग तेही लिहा! जिओकॅशिंगमधली 'डीएनएफ' नोंद नीट कशी करायची

एप्रिलमधली संध्याकाळ. चांदवडच्या बाहेर, माझ्या मैत्रिणीच्या काकांच्या शेतात माझा मामेभाऊ बांधावरचे दगड एकेक करून उचलत होता. दहावीची परीक्षा नुकतीच संपलेली. हातात फोन, फोनवर एक खूण, आणि त्या खुणेपाशी कुठंतरी प्लास्टिकची एक डबी असणारच याची त्याला शंभर टक्के खात्री. दीड तास झाला, ऊन उतरलं, नीट दिसेनासं झालं. "अजून पाच मिनिटं," म्हणत त्यानं आणखी एक दगड उचलला आणि खालच्या विंचवानं त्याच्या बोटाला डंख मारला.

ती रात्र आम्ही सरकारी दवाखान्यात काढली. आता तो ठणठणीत आहे. पण खाटेवर पडल्या पडल्या त्यानं मला जे विचारलं ते अजून डोक्यातून जात नाही. "ताई, तू पण तिथं गेली होतीस ना? तुला कुठं सापडली होती?"

मला सापडलीच नव्हती. फेब्रुवारीतच सापडली नव्हती. आणि मी ते कुठंच लिहिलं नव्हतं.

हा लेख त्या न लिहिलेल्या एका ओळीबद्दल आहे.

जिओकॅशिंग म्हणजे काय?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जिओकॅशिंग म्हणजे जीपीएस वापरून खेळायची लपंडाव. कुणीतरी एक डबा लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो. बाकीचे फोन घेऊन तिथं जातात, डबा शोधतात, आतल्या छोट्या वहीत नाव आणि तारीख लिहितात, डबा होता तसा परत ठेवतात आणि अ‍ॅपवर नोंद करतात. या डब्याला 'कॅश' म्हणतात. इथं पैशांचा काही संबंध नाही, कॅश म्हणजे लपवलेला साठा.

खेळाची सुरुवात मे २००० मधली. त्याआधी अमेरिकी सरकार सामान्य लोकांना मिळणारा जीपीएस सिग्नल मुद्दाम बिघडवून देत असे, त्यामुळे जागा दाखवताना शंभरेक मीटरची चूक सहज व्हायची. १ मे २००० रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ही बंधनं उठवत असल्याचं जाहीर केलं. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थानं ओरेगन राज्यात एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओकॅशिंगची मुख्य वेबसाइट सुरू झाली. ती पहिली बादली आज तिथं नाही, तिच्या जागी आठवण म्हणून एक फलक बसवलाय. म्हणजे जगातला पहिला डबासुद्धा कायम टिकला नाही. हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

भारतात हा खेळ अजून विरळ आहे. मोठ्या शहरांत आणि पर्यटनाच्या ठिकाणी काही डबे असतात. तालुक्याच्या गावात तुम्ही नकाशा उघडलात तर जवळपास काहीच न दिसण्याची शक्यता जास्त. म्हणून आम्ही पाच जणांनी आमचाच एक खेळ सुरू केला. काकांची परवानगी घेऊन बांधावरच्या दगडांत एक डबी ठेवली, अक्षांश-रेखांश व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले आणि नोंदींसाठी एक गूगल शीट केलं. तारीख, नाव, सापडली का, शेरा. नियम मूळ खेळाचेच.

आमच्याकडे नेमकं काय बिनसलं?

दिवाळीच्या सुट्टीत डबी ठेवली. नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये दोघांना सापडली, दोघांनी शीटमध्ये ऐटीत लिहिलं. जानेवारीत काकांनी पाइपलाइनसाठी जेसीबी लावून चर खोदला. त्यात बांधाची एक कड सरकली आणि डबी दगडांसकट कुठंतरी गेली. काकांच्या ती डबी लक्षातही नव्हती.

त्यानंतर एक मैत्रीण गेली. तिला ताजी माती दिसली. 'आपण चुकीच्या जागी आलोय' असं वाटून ती परत आली. लिहिलं नाही. फेब्रुवारीत मी गेले. तासभर शोधलं. आधीच्या दोघांना दहा मिनिटांत सापडलेली डबी मला सापडू नये, याची लाज वाटली. लिहिलं नाही. मार्चमध्ये तिसरा मित्र गेला, उन्हाला कंटाळून अर्ध्या तासात परतला. त्यानंही लिहिलं नाही.

एप्रिलमध्ये भावानं शीट उघडलं तेव्हा त्याला काय दिसलं? दोन वेळा 'सापडली', 'नाही' एकदाही नाही. त्यावरून कुणीही काढेल तोच निष्कर्ष त्यानं काढला. डबी तिथंच आहे, आपणच नीट शोधत नाही. म्हणून तो दगड उचलत राहिला.

शीटमध्ये खोटं काहीच नव्हतं. तिघं गप्प बसलो, एवढंच.

डीएनएफ म्हणजे काय आणि त्याची लाज का वाटू नये?

जिओकॅशिंगच्या भाषेत 'सापडलं नाही' या नोंदीला डीएनएफ म्हणतात, म्हणजे 'डिड नॉट फाइंड'. सापडल्याच्या नोंदीला पिवळा हसरा चेहरा मिळतो, डीएनएफला निळा हिरमुसलेला. हा निळा चेहराच बऱ्याच जणांना खटकतो. प्रोफाइल खराब होईल, लोक हसतील, आकडा कमी होईल.

यातलं काहीच होत नाही. तुमच्या प्रोफाइलवर मोजला जातो तो सापडलेल्या डब्यांचा आकडा. डीएनएफमुळे त्यातून एकही वजा होत नाही. ही परीक्षा नाही, त्यामुळे निगेटिव्ह मार्किंगही नाही. उलट, ज्याच्या खात्यावर शेकडो डबे आहेत आणि डीएनएफ एकही नाही, त्याच्याकडे जुने खेळाडू जरा संशयानंच बघतात. शेतात जाणारा प्रत्येक जण कधी ना कधी चिखलात पाय घालतोच.

तीन गुंठ्यांचं गणित

न सापडणं किती साहजिक आहे, हे एका साध्या गणितावरून कळेल. मोकळ्या आकाशाखाली साध्या स्मार्टफोनचं जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतं. पण ही चूक दोनदा होते. एकदा डबा ठेवणाऱ्याच्या फोनची, एकदा तुमच्या फोनची. दोन्ही चुका एकमेकींच्या विरुद्ध दिशेला गेल्या तर खूण आणि डबा यांत १० मीटरचं अंतर पडू शकतं.

१० मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे सुमारे ३१४ चौरस मीटर. एक गुंठा साधारण १०१ चौरस मीटर. म्हणजे फोनवर टाचणीच्या टोकाएवढी दिसणारी खूण प्रत्यक्षात तुम्हाला तीन गुंठे जागा दाखवत असते. तीन गुंठ्यांत काडेपेटीएवढी डबी शोधायची म्हटल्यावर कधीतरी हात हलवत परत यायला लागणारच.

त्यात आपल्या भागात सिग्नलची आणखी एक अडचण. सातमाळ्याच्या उभ्या कातळकड्यांजवळ उपग्रहाचा सिग्नल दगडावर आपटून उशिरा पोचतो आणि फोनची फसगत होते. पत्र्याच्या शेडजवळ आणि दाट झाडीतही तेच. अशा ठिकाणी निळा ठिपका उड्या मारताना दिसला तर तो दोष तुमचा नाही.

नोंद करण्याआधी मात्र एक गोष्ट तपासा. जिओकॅशिंगमध्ये जागा अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात. उदाहरणार्थ, २० अंश १९.७५० मिनिटं उत्तर. गूगल मॅप्समध्ये हेच २०.३२९१७ अंश होतं, कारण मिनिटांना ६० ने भागावं लागतं. घाईत कुणी २०.१९७५० असं टाकलं तर तो साडेचौदा किलोमीटर दक्षिणेला जाऊन पोचेल. असं झालं असेल तर तो डीएनएफ नाही, ती फक्त सहल झाली.

तुम्ही डीएनएफ टाकता तेव्हा मागे काय घडतं?

तुम्ही 'डिडन्ट फाइंड इट' निवडून नोंद पाठवली की तीन ठिकाणी ती पोचते.

पहिली, डबा ठेवणाऱ्याकडे. प्रत्येक नोंदीचा ईमेल त्याला जातो. डबा जागेवर आहे का हे कळायचा त्याच्याकडे हाच मार्ग असतो, कारण तो काही रोज तिथं जाऊन बसत नाही.

दुसरी, पुढच्या शोधणाऱ्याकडे. निघण्याआधी तो शेवटच्या चार-पाच नोंदी बघतो. सलग तीन निळे चेहरे दिसले की नाशिकहून साठ-पासष्ट किलोमीटर गाडी चालवून यायचं की नाही, हे तो घरी बसूनच ठरवू शकतो.

तिसरी, वेबसाइटच्या यंत्रणेकडे. प्रत्येक डब्याची प्रकृती कशी आहे याचा एक गुणांक ही यंत्रणा काढत असते. त्यात डीएनएफ, दुरुस्तीच्या विनंत्या, डबा शेवटचा कधी सापडला, असे मुद्दे धरतात. डबा मुळात किती अवघड आहे तेही बघतात. काठिण्य १ ते ५ मध्ये मोजलं जातं. ५ काठिण्याच्या डब्यावर डीएनएफ असणं नेहमीचंच, पण १ काठिण्याच्या डब्यावर ओळीनं चार डीएनएफ आले तर काहीतरी बिघडलंय हे उघड आहे. गुणांक घसरला की मालकाला आपोआप आठवण जाते. त्यानं तरीही लक्ष दिलं नाही तर स्वयंसेवक परीक्षक तो डबा तात्पुरता बंद करतात. त्यानंतरही काही हालचाल झाली नाही तर डबा यादीतून काढला जातो.

ही सगळी साखळी तुमच्या एका ओळीवर चालते. ओळच नसेल तर नकाशावर डबा हिरवागार आणि जमिनीवर कधीचाच गायब.

कधी नोंदवायचं, कधी नाही?

यावर जुन्या खेळाडूंमध्येही मतं वेगवेगळी आहेत. मी एक सोपी कसोटी वापरते. जागेवर पोचून शोधायला सुरुवात केली का? केली असेल आणि डबा सापडला नसेल तर डीएनएफ. मग पाच मिनिटं शोधलं असो वा दोन तास.

"नीट शोधलंच नाही, मग कशाला लिहू?" हा प्रश्न मलाही पडायचा. उत्तर असं की 'पाच मिनिटंच शोधलं' हेही लिहा. वाचणारा त्याला तेवढंच वजन देईल.

"शेजारी लोक बसले होते म्हणून शोधता आलं नाही." शोधायला सुरुवात केली होती तर डीएनएफ, आणि कारण लिहा. खेळ माहीत नसलेल्या लोकांना या खेळात 'मगल' म्हणतात, हॅरी पॉटरवरून घेतलेला शब्द. मगलांमुळे मागे फिरणं हे अगदी मान्य कारण आहे.

"पावसामुळे घाटातूनच परत आलो." इथं शोध सुरूच झाला नाही. 'राइट नोट' वापरा. रस्ता बंद आहे ही माहिती पुढच्याला तरीही मिळते.

"दुसऱ्यांदा गेले, परत नाही सापडला." दुसरी वेगळी नोंद करा. दोन वेगवेगळ्या दिवशी न सापडणं ही दोन वेगवेगळी माहिती आहे.

"नंतर सापडला, आता जुना डीएनएफ काढून टाकू?" काढू नका. तो डबा किती अवघड आहे याचा तो पुरावा आहे. शिवाय आधी निळा आणि नंतर पिवळा चेहरा बघून नवख्याला जेवढा धीर येतो तेवढा कशानंच येत नाही.

"आम्ही चौघं होतो." प्रत्येकानं आपापल्या खात्यावरून नोंद करावी. एकानं सविस्तर लिहावं, बाकीच्यांनी 'चौघं मिळून गेलो होतो, तपशील अमुकच्या नोंदीत' एवढं लिहिलं तरी पुरे. नाहीतर एकाच भेटीचे चार डीएनएफ बघून मालक घाबरतो.

रेंज नसेल तर? जीपीएस इंटरनेटशिवायही चालतं, कारण फोन उपग्रहांचा सिग्नल फक्त ऐकत असतो. नोंद जागेवरच मसुदा म्हणून सेव्ह करा आणि घरी वायफायवर पाठवा. फक्त तारीख शोधलेल्या दिवसाची ठेवा, पाठवलेल्या दिवसाची नको.

चांगली नोंद कशी लिहायची?

तीन नमुने बघा. तिन्ही एकाच न सापडलेल्या डब्याचे आहेत असं समजा.

पहिला: "नाही मिळाला."

दुसरा: "डबा चोरीला गेलाय. उगाच आमचा दिवस वाया घालवला. मालकानं लक्ष द्यावं."

तिसरा: "रविवारी सकाळी ९ ते १० शोधलं. अचूकता ४-५ मीटर दाखवत होती. सूचना वाचली होती. खुणेच्या चारही बाजूंनी साधारण दहा पावलांपर्यंत बघितलं. एका बाजूला माती ताजी उकरलेली दिसली, बहुतेक नवीन काम झालंय. आमचा हा सहावाच डबा, त्यामुळे नजर चुकलीही असेल. जागा सुंदर आहे, परत येऊ."

पहिला नमुना काहीच नसण्यापेक्षा बरा. दुसऱ्यात राग आहे, माहिती नाही. 'चोरीला गेलाय' हे त्याला कसं कळलं? त्याला कळलंय ते एवढंच की त्याला दिसला नाही. तिसऱ्यात मालकाला हवं ते सगळं आहे. आमच्यापैकी पहिल्या मैत्रिणीनं जानेवारीत 'ताजी माती' हे दोनच शब्द लिहिले असते तर डबी ठेवणारी दुसऱ्या दिवशी जाऊन बघून आली असती. पुढचा सगळा प्रकार टळला असता.

म्हणून लिहिताना या सहा गोष्टी आठवा:

१. कधी गेलात आणि किती वेळ शोधलं.
२. फोन किती मीटर अचूकता दाखवत होता.
३. सूचना वाचली होती की नाही.
४. साधारण किती भागात शोधलं.
५. जागेत काही बदल दिसला का. जळालेलं गवत, तोडलेलं झाड, नवं कुंपण, खोदकाम, साचलेलं पाणी.
६. तुमचा अनुभव किती.

भाषेची काळजी करू नका. मराठीत लिहिलेलं चालतं, परदेशी खेळाडू भाषांतर करून वाचतात. वाटलंच तर शेवटी इंग्रजीत एक ओळ टाका.

काय लिहायचं नाही, काय करायचं नाही

जागा फोडू नका. 'तिसऱ्या कडुनिंबाच्या ढोलीत बघितलं, तिथं नाही' असं लिहिलंत आणि डबा नेमका त्याच ढोलीत जरा वर असला, तर पुढच्या सगळ्यांची मजा गेली. असा बारीक तपशील मालकाला खाजगी संदेशातून कळवा. फोटो टाकतानाही तेच, परिसराचा टाका, संशयित जागेचा नको.

'नाही' आणि 'दिसला नाही' यांत गल्लत करू नका. तुटलेलं झाकण किंवा भिजलेली वही हातात आली असेल तर ते स्पष्ट लिहा. तसं काही नसेल तर 'मला दिसला नाही' एवढंच म्हणा.

सापडल्याची खोटी नोंद करू नका. 'जागा तर बरोबर सापडली, डबा नव्हता, म्हणून फाउंड' हा युक्तिवाद बरेच जण करतात. वहीत नाव लिहिलं नसेल तर ते सापडणं नाही. अशा एका खोट्या पिवळ्या चेहऱ्यामुळे आधीच्या तीन खऱ्या डीएनएफवर पाणी पडतं, कारण वाचणाऱ्याला वाटतं की डबा आहे.

स्वतःचा डबा ठेवून येऊ नका. हेतू चांगला असतो, 'मालकाला मदत'. पण मूळ डबा तिथंच असला तर एका जागी दोन डबे होतात, आणि नवीन डब्याची जबाबदारी कुणाचीच नसते. मालकानं स्वतः सांगितलं असेल तरच ठेवा.

पहिल्याच भेटीत दुरुस्तीची मागणी करू नका. बटणांचा क्रम असा आहे. सापडला नाही, तर डीएनएफ. सापडला पण फुटलाय, वही भरलीय, किंवा बरेच डीएनएफ येऊनही मालक गप्प आहे, तर 'ओनर अटेन्शन रिक्वेस्टेड'. त्यालाही बराच काळ उत्तर नाही, किंवा डबा धोक्याच्या अथवा परवानगी नसलेल्या जागी आहे, तर 'रिव्ह्यूअर अटेन्शन रिक्वेस्टेड'. हे शेवटचं बटण म्हणजे थेट वरिष्ठांकडे अर्ज. ते रागाच्या भरात दाबायचं नसतं, पण खरंच गरज असेल तर दाबायला संकोचही नको.

डबा तुमचा असेल तर

डीएनएफ आला म्हणजे कुणी तुमचा अपमान केला असं नाही. फुकटात एक माणूस तुमच्या वतीनं जागा बघून आला. प्रामाणिक डीएनएफ पुसून टाकणं ही या खेळातली सगळ्यात मोठी असभ्यता. 'एवढा सोपा डबा सापडला नाही?' असं चिडवणं ही दुसरी. एकदा चिडवलंत की तो माणूस आयुष्यात परत डीएनएफ लिहीत नाही, आणि ते वाचणारे आणखी दहा जणही.

सोप्या डब्यावर ओळीनं दोन-तीन डीएनएफ आले की जाऊन बघा. लगेच जमत नसेल तर डबा तात्पुरता बंद करा आणि कारण लिहा. बंद ठेवायची मुदत साधारण चार आठवडे धरतात. डबा जागेवर असेल तर देखभालीची नोंद टाकून 'आज बघितला, सुखरूप आहे' असं लिहा, म्हणजे पुढच्याला परत भरवसा येतो.

आपल्याकडे घ्यायची खास काळजी

शोध कधी थांबवायचा हे आधीच ठरवा. मी आता वीस मिनिटांचा अलार्म लावते. वाजला की डीएनएफ. अंधार पडायला लागला की डीएनएफ. दगड उलटे करायची, भिंतीच्या भेगेत हात घालायची, विहिरीच्या कडेला वाकायची वेळ आली तरी डीएनएफ. खेळाच्या नियमानुसार डबा सहसा जमिनीत पुरलेला नसतो, त्यामुळे खणायचा प्रश्नच येत नाही. विंचू चावलाच तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. लाल विंचवाचं विष लहान मुलांच्या जिवावर बेतू शकतं.

बांधावर फोन घेऊन फिरणारी अनोळखी माणसं दिसली की गावात पहिली शंका येते, 'रस्त्याची मोजणी आली की काय?' दुसरी त्याहून वाईट. कुणी विचारलं तर लपवाछपवी करू नका. सरळ सांगा, फोन दाखवा. शेतमालकानं 'निघा' म्हटलं तर निघा, आणि नोंदीत तसं लिहा. परवानगीचा घोळ असेल तर मालकाला ते कळायलाच हवं.

आणि डबा ठेवणार असाल तर जागा विचारपूर्वक निवडा. चांदवडचा रंगमहाल, रेणुकामातेचं देऊळ, डोंगरातली जैन लेणी, किल्ल्याची तटबंदी ही ठिकाणं कितीही मोहात पाडोत, तिथं नको. जुन्या बांधकामाचे दगड शोधणाऱ्यांच्या हातून हलतात. बस स्थानक, महामार्गाचा पूल, गर्दीचा बाजार तर नकोच नको. तिथं बेवारस डबा म्हणजे पोलिसांना फोन. डब्यावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा, 'हा खेळाचा डबा आहे, यात धोकादायक काही नाही', आणि खाली संपर्क.

ही सवय खेळापुरती नाही

एकदा डीएनएफची सवय लागली की ती सगळीकडे कामाला येते. गूगल मॅप्सवर दाखवलेला पेट्रोल पंप जागेवर नाही? आपण चरफडत पुढं जातो. 'सजेस्ट अ‍ॅन एडिट' मध्ये जाऊन ती जागा अस्तित्वात नाही असं कळवायला दोन मिनिटं लागतात. ओपनस्ट्रीटमॅपवर अशीच टिपण टाकता येते.

पक्षी बघणाऱ्यांचं ई-बर्ड अ‍ॅप तर यादी पाठवताना मुद्दाम विचारतं, ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवलेत ना? 'हो' म्हटलंत की जे यादीत नाहीत ते दिसले नाहीत, हीसुद्धा माहिती होते. शेजारच्या निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला एखादा पक्षी या हिवाळ्यात आला नाही, हे अशाच याद्यांतून कळू शकतं.

आणि ट्रेकरांनो, तुमच्यासाठी तर हे जास्तच महत्त्वाचं. राजदेर, इंद्राई, धोडपच्या वाटेवर निघालेला माणूस जुना ब्लॉग वाचून 'वर टाक्यात पाणी आहे' या भरवशावर एकच बाटली घेतो. तुम्ही मार्चमध्ये वर गेलात आणि टाकं कोरडं दिसलं, तर फोटोंबरोबर तेवढी एक ओळ टाका, तारखेसकट. कुणाच्या तरी पाठीवर त्यामुळे आणखी दोन लिटर पाणी जाईल.

शेवटची नोंद

आमच्या शीटमध्ये आता एक नवा रकाना आहे, 'जागेत काय बदललं?' आम्ही तिघांनी आपापल्या जुन्या नोंदी उशिरा का होईना, खऱ्या तारखेनं भरल्या. काकांना सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "अगं, मला एक फोन करायचा ना, जेसीबीनं तो बांधच हलवलाय."

पण आमच्या आधी, सगळ्यात पहिला डीएनएफ भावानं टाकला होता. त्याच रात्री, दवाखान्याच्या खाटेवरून, डाव्या हातानं टाइप करून. शेरा असा होता: "दीड तास शोधली. डबी सापडली नाही. विंचू सापडला. पुढच्यानं दगड उचलू नये."

एवढ्या चार ओळींत सगळं आलं.